ट्रॉलीच्या चाकातली हवा

आमच्या घरात भांडण झालंच तर ते हवेवरून व्हायचं. चाकात किती हवा भरायची, यावरून. माझे यजमान ट्रकवाले. त्यांचं घर पेण तालुक्यात, खाडीच्या बाजूला, आजोबांपासून मिठागरं. मिठागरं परवडेनाशी झाली तशी घरातली पुरुषमंडळी एकेक करून गाड्यांवर गेली, त्यात हेही गेले. मी चौलची. माहेरी नारळी-पोफळीची वाडी, वडील शाळेत शिकवायचे आणि घरातलं वाहन म्हणजे त्यांची सायकल. चाकातली हवा अंगठ्याने दाबून बघतात, एवढंच ज्ञान घेऊन मी या घरात आले.

सकाळी ट्रक काढायच्या आधी हे टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन गाडीभोवती एक फेरी मारत. प्रत्येक चाकावर एक ठोका. हवा पुरेशी असली की चाक टणक वाजतं आणि टॉमी हाताला परत उडवून देतं. हवा कमी असली की आवाज भद्द येतो आणि टॉमी तिथेच बसते. मागची चाकं जोडीने असतात. त्यातलं आतलं चाक बाहेरून दिसत नाही, म्हणून त्याला वाकून, हात आत घालून ठोकावं लागतं. आतलं चाक खचलं तर सगळं वजन बाहेरच्यावर येतं, ते तापतं आणि मग दोन्ही जातात. हे मला कुणी शिकवलं नाही. स्वयंपाकघरात भाकऱ्या करताना मी ते ठोके ऐकत असे, आणि एखादा ठोका वेगळा वाजला की आज चहा दोनदा लागणार हे मला कळत असे.

मग त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली. हळूहळू ते काठी घेऊन चालायला लागले, बोलणं परत आलं, जरा सावकाश पण स्पष्ट. उजव्या हाताला मात्र जाणीव आली नाही. डाव्या हाताने टॉमी मारून बघितली, पण तो हात त्या कामाला नवीन होता. त्याला ठोक्यातलं काही कळत नव्हतं. ट्रक धाकट्या दिराने चालवायला घेतला. आमच्याकडे राहिली पिकअप आणि तिच्यामागे जोडायची दोन चाकांची ट्रॉली. त्या ट्रॉलीवरून आम्ही जनरेटर, पाण्याच्या टाक्या, काँक्रीटचा मिक्सर असलं काहीबाही पोचवत असू. काही दिवस ड्रायव्हर ठेवला. तो टिकला नाही. दुसराही टिकला नाही. तेव्हा मी लायसन काढलं.

गावात थोडं बोललं गेलं, मग थांबलं. पिकअप चालवणं मला जड गेलं नाही. जड गेली ती ट्रॉली. पुढे जाताना ती निमूट मागे येते; मागे घेताना मात्र तुम्ही डावीकडे वळवाल तर ती उजवीकडे जाते. शेजारच्या रिकाम्या खाचरात मी कित्येक दुपारी तेवढंच करत होते. हे बांधावर खुर्ची टाकून बसायचे आणि काठीने दिशा दाखवायचे.

भांडण सुरू झालं ते मी अलिबागच्या दुकानातून हवा मोजायचा मीटर आणला तेव्हा.

"हवेला आता डॉक्टर लागतो काय?" हे म्हणाले.

"मला ठोकून कळत नाही. आकडा असला तर कळेल. सांगा, ट्रॉलीत किती भरायची?"

"वजनाला बघून."

"म्हणजे किती?"

"अगो, वजनाला बघून म्हंजे वजनाला बघून."

मी मास्तरांची मुलगी. मला उत्तर आकड्यात हवं होतं. त्यांनी आयुष्यभर आकडा वापरलाच नव्हता. पिकअपचं सोपं होतं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीने एक पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर पुढच्या चाकाला किती, मागच्याला किती, रिकामी असताना किती आणि भरलेली असताना किती, हे सगळं लिहिलेलं असतं. ट्रॉली एका वेल्डिंगवाल्याने बनवलेली. तिला ना पट्टी, ना कागद. टायरच्या कडेवर एक आकडा उठवलेला होता. पहिल्या वर्षी मला वाटलं, तोच भरायचा. भरलाही. रिकामी ट्रॉली रस्त्यावर चेंडूसारखी उडायला लागली आणि आरशात तिची मागची फळी हादऱ्यांनी नीट दिसेनाशी झाली. टायर जास्तीत जास्त किती सोसेल त्याचा तो आकडा होता, किती भरावं त्याचा नव्हे.

तेव्हापासून आमची एक पद्धत पडली. माल चढवला की मी ट्रॉली सपाट जागेवर थोडी पुढे घ्यायची. हे स्टूलावर बसून जमिनीला टेकलेल्या भागात टायरचं पोट किती फुगलंय ते बघायचे. "आनखी थोरी," म्हणायचे. त्यांच्या बोलीत डचा र होतो. गाडीची गारी होते. मी थोडी भरायची. "आनखी." मग कधीतरी, "बस." त्यानंतर मी मीटर लावायची. त्यांना आकडा सांगायची नाही, स्वतःपुरता लक्षात ठेवायची. काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की भरलेल्या टाकीला दर वेळी तोच आकडा येतोय, एखाद्या पॉइंटचा फरक. मिक्सरला वेगळा, रिकाम्या ट्रॉलीला त्याच्या निम्म्याच्या आसपास. आकडे त्यांच्याजवळ होतेच. ते डोळ्यांत होते, तोंडात नव्हते. हे कळल्यावर आमची भांडणं निम्मी कमी झाली.

उरलेली निम्मी उन्हाची होती. एकदा पोयनाडला चहाला थांबलो. मी सहज मीटर लावला तर हवा सकाळपेक्षा बरीच वर गेलेली. जास्त झाली म्हणून मी सोडायला लागले.

"सोरू नको," हे गाडीतून म्हणाले. "तापलीय ती. थंड झाल्याव खाली बसेल. आता सोरलीस तं उद्या सकाली कमी भरंल."

मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मीटर लावला, तर ते म्हणाले होते तसंच. तेव्हापासून हवा सकाळी, गाडी हलायच्या आधी बघायची, हे घरात ठरून गेलं.

होडीचं काम आलं ते एका हिवाळ्यात. रेवदंड्याची एक कोळीण अलिबागच्या बाजारात मासे घेऊन बसायची. माझ्या माहेरची माणसं तिच्याकडूनच मासळी घेत, म्हणून माझा नंबर तिला मिळाला. नवरा दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी. तिने स्वतःच्या हिमतीवर फायबरची एक जुनी होडी घेतली होती. होडी पेणच्या बाजूला, खाडीकाठच्या एका गावात अंगणात उपडी पडलेली. इंजिन काढलेलं, तळाला चीर गेलेली, त्यामुळे पाण्यातून आणणं शक्य नव्हतं. रस्त्यानेच न्यायची आणि रेवदंड्यात दुरुस्त करायची.

ती फोनवर म्हणाली, "बाय, माझी होरी नीट आनशील ना? मी येतंय बरोबर."

म्हणजे केबिनमध्ये आम्ही तिघं. मी स्टिअरिंगवर, ती मध्ये, हे दाराशी, काठी पायांत धरून.

सकाळी निघण्याआधी सगळी चाकं तपासली. त्या गावी पोचल्यावर होडी चढवायला चार माणसं आली. होडी सुलटी करून ट्रॉलीवर ठेवली. हे लगेच म्हणाले, "पुढं घ्या. आनखी पुढं." त्यांचं म्हणणं असं की ट्रॉलीचं वजन चाकांच्या जरा पुढे पडलं पाहिजे, म्हणजे जोडाचा हूक पिकअपवर घट्ट दाबून बसतो. वजन मागे गेलं की हूक वर उचलायला बघतो, आणि मग ट्रॉली शेपटीसारखी हलते. उजव्या हाताला जाणीव नसली तरी डाव्या हाताने त्यांनी हूक उचलून बघितला, समाधान झालं तेव्हा मान हलवली. होडीवालीने विकणाऱ्याकडून जुनी जाळी आणि नांगरही मिळवला होता. तेही होडीत पुढच्या बाजूला ठेवले. दोर आवळले. साखळी लावली. टायरचं पोट बघून झालं. मी मीटर लावला तेव्हा टाकीच्या आकड्यापेक्षा थोडा कमीच निघाला. होडी दिसते तेवढी जड नसते.

वडखळपर्यंत रस्ता ट्रकांनी भरलेला असतो, तिथे जोरात जायचा प्रश्नच येत नाही. पुढे पोयनाड सोडलं आणि रस्ता मोकळा झाला. होडीवाली सारखी मागच्या काचेतून आपली होडी बघत होती. ती सांगत होती की नवरा या खरेदीला तयार नव्हता. दुसऱ्याच्या बोटीवर वाटा ठरलेला असतो, स्वतःची होडी म्हणजे स्वतःचा घोर. "पन मी बोलले, घोर तं आताय हायेच. मग आपलाच घोर कं नको?" हे त्यावर हसले. झटका आल्यापासून ते परक्यासमोर फारसे हसत नसत.

कार्ले खिंड चढून पलीकडे उतरायला लागलो तेव्हा मला स्टिअरिंगमध्ये काहीतरी वेगळं जाणवलं. गाडी मागून कुणीतरी हलकेच डावीकडे, मग उजवीकडे ओढल्यासारखं. आरशात बघितलं तर होडीचं टोक रस्त्याच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेकडे झुलत होतं. उतार होता, वळण पुढे होतं. माझा पाय आपोआप ब्रेककडे गेला.

"ब्रेक नको," हे म्हणाले. आवाज नेहमीचाच. "ॲक्सिलेटरवरना पाय कार. हात सरल ठेव. तिला खेलू दे. आपन नाय खेलायचा."

मी पाय काढला. हात सरळ धरले. त्या काही क्षणांत मला सगळ्यात अवघड काय गेलं असेल तर काहीही न करणं. मागे ट्रॉली आणखी दोन-तीनदा झुलली. होडीवालीने माझा पदर मुठीत धरला होता, ते मला नंतर कळलं. मग वेग उतरला तसं झुलणं कमी होत गेलं, आणि रस्त्याकडेला जरा रुंद जागा आली तिथे मी सावकाश ब्रेक दाबून गाडी उभी केली.

उतरून बघितलं. ट्रॉलीचं डावं चाक खचलं होतं. पुरतं बसलं नव्हतं. निम्म्याहून कमी हवा उरली असावी. रबरात खिळ्याचं डोकं चमकत होतं. हात जवळ नेला तर आच लागत होती. मी चाकामागे दगड लावले आणि होडी तपासली. दोर जागेवर होते.

तेवढ्यात एक मोटार थांबली. मुंबईहून नागावला सुट्टीला निघालेला एक माणूस, बायको-मुलं आत. भला माणूस होता. म्हणाला, "प्रॉब्लेम काय आहे? टायर फ्लॅट? अहो, माझ्याकडे छोटा कंप्रेसर आहे, गाडीच्या सॉकेटवर चालतो. भरून टाका ना. अलिबागपर्यंत आरामात जाल."

मला ते पटलं. चाक अजून उभं होतं, हवा हळूहळूच जात होती, खाली पंक्चरवाला फार लांब नव्हता. भरायची, तिथवर जायचं. ऊन चढत होतं आणि यांना उन्हात फार वेळ ठेवता येत नसे. मी वॉल्व्हचं टोपण काढायला खाली बसले.

"ऊठ तिथून," हे म्हणाले.

ते गाडीतून उतरले होते. काठी टेकत माझ्यामागे येऊन उभे होते.

"अहो, थोडीच भरायचीय. खाली जाईपर्यंत."

"या चाकात हवा भरायची नाय. ऊठ पयले."

त्यांनी मला असं कधी म्हटलं नव्हतं. मी उठले. मोटारवाला म्हणाला, "दादा, काही होत नाही. मी नेहमी भरतो."

"तुमच्या गारीचं वेगलं," हे त्याला म्हणाले. "हे वजन घेऊन कमी हवेव धावलंय. आतनं काय झालंय ते बाहेरनं दिसत नाय. चाक कारायचं, स्टेपनी लावायची. स्टेपनीत भरा तुमच्या पंपानं. ती थंड हाय, तिला काय झालेलं नाय."

पिकअपची आणि ट्रॉलीची चाकं एकाच मापाची असल्यामुळे आम्ही एकच स्टेपनी ठेवत होतो. मी मीटर लावला तर तिच्यात हवा कमी होती. बरेच दिवस कुणी बघितली नव्हती. मोटारवाल्याने कुरकुर न करता आपला कंप्रेसर काढला. तो डबीएवढा कंप्रेसर मोठ्या आवाजाने आणि अगदी सावकाश हवा भरत होता. "किती करू? इथे टायरवर लिहिलंय तेवढी?" त्याने विचारलं. मी त्याला आमचा आकडा सांगितला आणि टायरवरचा तो का नाही, हेही. त्याने आपल्या बायकोला हाक मारून तेच पुन्हा सांगितलं.

चाक मी आणि होडीवालीने बदललं. नट ढिले करायला ती पान्यावर उभी राहिली. पाट्या उचलून उचलून तिचे दंड माझ्यापेक्षा मजबूत होते. जॅक लावण्याआधी यांनी जाळी आणि नांगर होडीतून काढून पिकअपच्या पाठीत ठेवायला लावलं, पुढच्या टोकाला. तेवढंच ट्रॉलीवरचं ओझं कमी. मग ते रस्त्याकडेच्या एका दगडावर बसले आणि बोलायला लागले. कुणी विचारलं नव्हतं. मी नट फिरवत होते, माझी त्यांच्याकडे पाठ होती.

त्यांचा थोरला चुलतभाऊ आहे. चेहऱ्याची एक बाजू आत गेलेली, त्या बाजूचा डोळा नाही. लग्न होऊन घरात आल्यापासून मी त्यांना तसंच बघत आले. "ॲक्सिडेंट झाला होता" एवढंच मला सांगितलेलं. गाडीवरचा माणूस, ॲक्सिडेंट. मी दोन गाड्यांची धडक डोळ्यांपुढे आणली होती आणि तेवढ्यावर समाधान मानलं होतं.

"दादा नि मी मीठ भरून चाललो होतो," हे म्हणाले. "मागचं एक चाक बसत आलेलं. तसंच चालवत एका पेट्रोलपंपाव आनलं. दादा बोलला, भरूया, पुढं बघू. मी चाय सांगायला गेलो. तो चाकासमोर उकिरवा बसला नि हवेचा नल लावला. मी चायवाल्याला बोलत व्हतो, तवर आवाज आला. जुनी रिंग, टायरला धरणारी तिची लोखंरी करी निघून तोंराव बसली. चाक आतनं खाल्लेलं व्हतं. भरतीची हवा त्याला सोसली नाय."

मोटारवाल्याचा कंप्रेसर तेव्हा बंद झाला होता. मग होडीवालीने विचारलं, "आता कुठं असतात ते?"

"घरीच. किराना मालाचं दुकान हाय. बरा हाय."

"मग झालं," ती म्हणाली आणि पान्यावर पुन्हा उभी राहिली.

मला त्या वेळी काय वाटलं, ते आता नीट सांगता येत नाही. इतकी वर्षं मी त्या दुकानातून साखर-चहा आणत होते, त्या भावजींना वाकून नमस्कार करत होते. हे घर ट्रकांवर चालत होतं, आणि ट्रकांतल्या या एका गोष्टीबद्दल घरात कुणी कधी बोललं नव्हतं. मला राग आला नाही. मी नट आवळत राहिले, आधी एक, मग त्याच्या समोरचा, मग पुढचा, जसं शिकवलं होतं तसं.

मोटारवाला जाताना यांना हात जोडून गेला. आम्ही सावकाश खाली उतरलो. पंक्चरवाल्याने काढलेलं टायर रिंगपासून सोडवलं आणि त्यात हात फिरवून तळवा मला दाखवला. तळव्यावर काळा भुगा होता, रबराचा. आतल्या बाजूने टायरची कड चोळून चोळून सोलवटली होती, धागे दिसत होते. बाहेरून ते टायर मी अजून एक पावसाळा चालवलं असतं.

"हे भरलं असतं तर?" मी विचारलं.

त्याने खांदे उडवले. "कदाचित काही झालं नसतं ताई. कदाचित झालं असतं."

हे गाडीतच बसून होते. टायर बघायला उतरले नाहीत. मीही बोलावलं नाही. दुसरं टायर घेतलं, थंड असतानाच हवा मोजून भरली, ते स्टेपनीच्या जागी टाकलं आणि निघालो.

अलिबाग, आक्षी, नागाव. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना वाड्यांचे दगडी गडगे, समोरून पर्यटकांच्या गाड्या. होडी गडग्याला घासू नये म्हणून मी सगळ्यांच्या शिव्या खात रस्त्याच्या मधोमध चालवत होते. चौलला माहेरची वाडी लागली. भाऊ कुंपणाशी उभा होता. त्याने आधी होडी बघितली, मग मला, आणि हात वर केला. थांबायला जागा नव्हती.

रेवदंड्याला होडी उतरवून घ्यायला अख्खी आळी आली. होडीवालीचा नवराही आला होता. त्याने होडीभोवती फेरी मारली, चिरेत बोट घालून बघितलं, पुढच्या टोकाला हात लावून तो हात कपाळाला लावला. एवढ्यावरून बायको समजली. तिने आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण. यांना डाव्या हाताने काटे काढायला त्रास होतो, म्हणून तिने बोंबील घातले होते. बोंबलाला काटा असून नसल्यासारखा. यांच्या हाताचं मी तिला सांगितलं नव्हतं. तिने गाडीतच बघून ठेवलं असावं.

परत येताना हे झोपले. वाटेत मी काही विचारलं नाही. पण पुढच्या आठवड्यात दुकानात गेले तेव्हा मी भावजींच्या समोर स्टूल ओढून बसले आणि म्हटलं, "ह्यांनी मला तुमच्या चाकाचं सांगितलं."

ते तराजूत डाळ घालत होते. "सांगतलान?" म्हणाले. "मना वाटलं नाय सांगनार कधी. त्याला माझ्यापेक्षा जास्ती लागलंय ते. माझा डोला गेला, पन मी काय बघितलंच नाय. बघितलं त्यानं." मग डाळ पुडीत बांधून दिली आणि आमच्या मुलांच्या परीक्षेचं विचारलं.

होडी दुरुस्त व्हायला होळी उजाडली. पाण्यात सोडायच्या दिवशी आम्हाला बोलावणं होतं. दोघंही गेलो. हे किनाऱ्यावर खुर्चीत बसले होते, आणि कोळ्यांपैकी दोघंजण ट्रॉलीबद्दल विचारायला त्यांच्याकडे आले. त्यानंतर होड्यांची कामं येत राहिली: थळहून, आक्षीहून, एकदा मुरूडच्या बाजूनेही. होड्या वाळूतून ओढायच्या असत. वाळूत जायच्या आधी हवा उतरवावी लागते, म्हणजे चाक पसरतं आणि रुतत नाही. डांबरी रस्त्यावर यायच्या आधी ती पुन्हा भरावी लागते. ज्यांची होडी असते त्यांना परतीच्या वेळी घाई असते. भरती येत असते, माणसं जेवायची खोळंबलेली असतात, कुणीतरी म्हणतंच, "चला ना ताई, नाक्यावर भरा." मी मोटारवाल्याकडे होता तसा, पण जरा दांडगा कंप्रेसर घेतला आहे. तो लावते, चाकाच्या बाजूला उभी राहते, समोर नाही, आणि बाकीच्यांनाही बाजूला व्हायला सांगते. लोक आधी हसत, आता सवय झाली.

मागच्या वर्षापासून हे माझ्याबरोबर येत नाहीत. केबिनमध्ये पाठ भरून येते, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. दिवसातला बराच वेळ ते भावाच्या दुकानात असतात. दोघं फारसं बोलत नाहीत, गिऱ्हाइकांना वस्तू काढून देतात. त्यांच्या जागी आता रेवदंड्याची होडीवाली कधीकधी बसते. दोर आवळायला आणि ट्रॉली मागे घेताना उतरून बघायला दुसरं माणूस लागतंच. गेल्या महिन्यात ती म्हणाली, "बाय, मना पन शिकव ही गारी." मी म्हटलं, आधी शिकाऊ लायसन काढ. तिने काढलं. रविवारी ट्रॉली न जोडता आम्ही रेवदंड्याच्या मैदानात गेलो. ती स्टिअरिंगवर बसली, दोन्ही पाय कुठे ठेवायचे ते नीट विचारून घेतलं, आणि पहिल्याच झटक्यात गाडी बंद पाडली. मग पुन्हा चालू केली.